पाहुण्यांस मुंबई दाखवितांना

मुंबईंत ज्याचें बिऱ्हाड आहे, त्याच्या घरीं वर्षांतून दोन-चार वेळां तरी बाहेरगांवचा पाहुणा उतरतो. आणि पाहुणा उतरला कीं त्याला मुंबई दाखविण्याचें कर्तव्य यजमानाकडे आपोआप येतें. ह्या कर्तव्यासाठीं प्रत्येक घराची एक ठराविक यादी असते. राणीची बाग, वस्तुसंग्रहालय, हँगिंग गार्डन, त्याच्या समोरचा म्हातारीचा बूट, चौपाटीवरची भेळ, आणि हातांत वेळ उरलाच तर महालक्ष्मीचें दर्शन. २०१७ पासून राणीच्या बागेंत पेंग्विन पाहावयास मिळूं लागले, तेव्हां त्या यादींत एका कलमाची भर पडली. एरवीं ती बापाकडून मुलाकडे जशीच्या तशी येते.

मीही पुष्कळ वर्षें हीच यादी वापरीत होतों. कांहीं वर्षांपूर्वीं आमचे एक मामा देशावरून आले. वय सत्तरीच्या पुढचें, उभा जन्म शाळेंत शिकविण्यांत गेलेला. दोन दिवस मीं त्यांना यादीप्रमाणें फिरविलें. तिसऱ्या दिवशीं संध्याकाळीं मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर आम्ही बसलों असतां ते म्हणाले, “अरे, सगळें छान दाखविलेंस. पण मुंबई हें मोठें नैसर्गिक बंदर आहे, असें मी पोरांना जन्मभर भूगोलांत सांगत आलों. तें बंदर कोठें आहे?”

मीं समोरच्या पाण्याकडे बोट केलें. मामा हंसले. “हा समुद्र झाला. येथें एक गलबत तरी लागलेलें दिसतें का? मी विचारतों तें बंदराविषयीं.”

खरें सांगावयाचें तर मला चटकन उत्तर सुचलें नाहीं. ज्या गोष्टीमुळें हें शहर झालें, ती गोष्टच आमच्या यादींत नव्हती. मामांच्या त्या प्रश्नाचें उत्तर मीं पुढें हळूहळू, पायीं हिंडून मिळविलें. तेंच आज आपणांपुढें ठेवीत आहें. आपल्या घरीं पाहुणा येईल तेव्हां त्याच्यासाठीं तीन सकाळी राखून ठेवाव्या, एवढीच माझी विनंती आहे.

आधीं दोन शब्द पाण्याविषयीं. मुंबईच्या दोन्ही अंगांस पाणी आहे, पण दोहोंचा स्वभाव अगदीं निराळा. पश्चिमेस उघडा अरबी समुद्र. पावसाळ्यांत त्याच्या लाटा मरीन ड्राइव्हचा कठडा ओलांडून रस्त्यावर येतात. तेथें जहाज नांगरून ठेवण्याची सोय नाहीं. पूर्वेस, बेट आणि रायगड जिल्ह्याचा किनारा ह्यांच्या मध्यें, रुंद, खोल आणि निवांत पाणी पसरलेलें आहे. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्यास हें बेट आडवें उभें राहिलें आहे, आणि त्याच्या आडोशास हें पूर्वेकडचें पाणी शांत राहतें. तेंच मुंबई बंदर. ह्या आडोशासाठींच पोर्तुगिजांनीं १५३४ सालीं हीं बेटें गुजरातच्या बहादुरशहाकडून घेतलीं. ह्याच आडोशासाठीं इंग्रजांचा त्यांवर डोळा होता. १६६१ च्या विवाहाच्या तहानें तीं इंग्लंडच्या राजास आंदण मिळालीं, आणि राजानें १६६८ सालीं तीं ईस्ट इंडिया कंपनीस वर्षाला दहा पौंड खंडानें देऊन टाकलीं. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगांव, परळ, वरळी आणि माहीम हीं सात बेटें तेव्हां भरतीच्या पाण्यानें एकमेकांपासून तुटत असत. माणसें आलीं तीं पूर्वेच्या पाण्यासाठीं. जमीन मागाहून तयार झाली.

म्हणून पहिली सकाळ पाण्यावर घालवावी. पाहुण्यास घेऊन गेटवे ऑफ इंडियापाशीं जावें. हें पिवळट दगडाचें द्वार पंचम जॉर्ज बादशहाच्या १९११ सालच्या आगमनाच्या स्मरणार्थ बांधलेलें आहे. परंतु बादशहा उतरला त्या दिवशीं तेथें पुठ्ठ्याची प्रतिकृति तेवढी उभी होती. पायाचा दगड ३१ मार्च १९१३ रोजीं बसविला गेला, आणि जॉर्ज विटेट ह्या वास्तुशिल्पज्ञाच्या आराखड्याप्रमाणें इमारत पुरी होऊन ४ डिसेंबर १९२४ रोजीं ती खुली झाली. पुढें चोवीस वर्षेंही पुरीं लोटलीं नाहींत तोंच, २८ फेब्रुवारी १९४८ रोजीं, सॉमरसेट लाइट इन्फन्ट्री ही ब्रिटिश फौजेची शेवटची तुकडी ह्याच कमानीखालून जाऊन जहाजावर चढली. ज्यांच्या स्वागतासाठीं दार बांधलें, त्यांच्या निरोपालाच तें उपयोगीं पडलें. ही हकीकत पाहुण्यास कमानीखालीं उभें करून, तोंड पाण्याकडे करवून सांगावी.

तेथूनच घारापुरीस जाणाऱ्या लाँच सुटतात. सकाळीं नऊच्या सुमारास निघावें, आणि शक्य तर वरच्या मजल्यावर बसावें. अंतर सुमारें ११ किलोमीटर, वेळ सुमारें एक तास. लाँच सुटल्यावर सर्व प्रवासी पुढें पाहूं लागतात. आपण पाहुण्यास मागें पाहावयास सांगावें. गेटवे आणि १९०३ सालीं उघडलेलें ताजमहाल हॉटेल हळूहळू लहान होत जातें, आणि त्यांच्या उजव्या बाजूस आरमाराच्या गोदींतील करड्या रंगाचीं जहाजें दिसूं लागतात. त्यांचीं छायाचित्रें घेऊं नयेत. गोष्ट मात्र अवश्य सांगावी. सुरतेहून १७३६ सालीं आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया ह्या पारशी सुताराच्या घराण्यानें येथें पिढ्यान् पिढ्या सागवानी जहाजें बांधलीं. त्यांपैकीं १८१७ सालीं पाण्यांत सोडलेलें त्रिंकोमाली हें लढाऊ जहाज इंग्लंडांत हार्टलपूल येथें अद्याप तरंगत आहे. दोनशें वर्षांपूर्वीं मुंबईच्या सुतारांनीं जोडलेल्या फळ्या अजून पाणी अडवून आहेत, हें ऐकून पाहुण्याची दृष्टि त्या गोदीकडे निराळी होते.

लाँच पुढें गेली कीं नांगरलेलीं व्यापारी जहाजें लागतात, तेलाच्या जहाजांसाठीं राखलेलें जवाहर द्वीप दिसतें, उत्तरेस तुर्भ्याची टेकडी दिसते. बंदर म्हणजे काय, हें येथें शब्दावांचून समजतें.

घारापुरीच्या लेण्यांविषयीं सविस्तर बोलावयाचें तर स्वतंत्र भाषण पाहिजे. मुख्य लेणें बहुधा सहाव्या शतकाच्या मध्याचें. युनेस्कोनें १९८७ सालीं त्यास जागतिक वारशाच्या यादींत घेतलें. एकच सूचना करतों. शंभराहून अधिक पायऱ्या चढून वर आल्यावर पाहुणा धांपा टाकीत आंत शिरतो आणि उन्हांतून आल्यामुळें त्याला कांहीं दिसत नाहीं. त्यास पांच मिनिटें एका खांबापाशीं स्वस्थ बसवावें. डोळे अंधाराला सरावतात आणि मग समोरच्या भिंतीतून सुमारें १८ फूट उंचीची तीन मुखांची शिवमूर्ति हळूहळू पुढें येते. आपल्या डाव्या हातचें मुख उग्र, उजव्या हातचें कोमल, मधलें दोहोंच्या पलीकडचें, निश्चल. तें पाहून झाल्यावर मग अर्धनारीश्वर, गंगाधर, शिवपार्वतीचा विवाह, कैलास हालविणारा रावण, हीं भोवतालचीं शिल्पें पाहावीं. कित्येकांचे हात-पाय तुटलेले आहेत. तोडणाऱ्यांना शिव्या देण्यांत वेळ न घालवितां जें उरलें आहे तें डोळे भरून पाहावें.

पोर्तुगिजांनीं ह्या बेटास एलिफंटा म्हटलें तें धक्क्याजवळच्या एका दगडी हत्तीवरून. तो हत्ती १८६४ सालीं मुंबईस आणला गेला, आणि आज तो राणीच्या बागेंत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाहेर उभा आहे. म्हणजे आपली जुनी यादी अगदींच टाकाऊ नाहीं. फक्त तिच्यांतला हत्ती आधीं कोठें उभा होता तें पाहुण्यास सांगितलें पाहिजे.

आणखी एक गोष्ट. ह्या बेटावर शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशीं तीन गांवें आहेत. रोज रात्रीं समोर मुंबईचे लक्षावधि दिवे दिसत असतां त्या गांवांत मात्र जनित्राच्या मोजक्या तासांपलीकडे वीज नव्हती. समुद्राच्या तळाशीं केबल टाकून वीज पोहोंचली ती २०१८ सालीं. बंदर किती जवळ आणि किती दूर असूं शकतें, ह्याची ही खूण ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

दुसऱ्या सकाळीं पाहुण्यास पहांटेच उठवावें आणि कुलाब्याच्या ससून डॉकवर न्यावें. अल्बर्ट ससून ह्यांनीं १८७५ सालीं बांधलेली ही गोदी आज मासळीचा बाजार आहे. उजाडण्यापूर्वींच मचवे लागतात, टोपल्या उतरतात, पापलेट, सुरमई, बोंबील, कोळंबी ह्यांचे ढीग पडतात, आणि लिलावाची बोली इतकी झरझर चालते कीं नवख्याला ती कळत नाहीं. जमीन निसरडी असते, म्हणून पायांत जुनीं पायताणें असावीं. वाटेंत उभें राहूं नये, आणि कोळणींचीं छायाचित्रें त्यांस विचारल्यावांचून घेऊं नयेत. त्या कामावर असतात, आणि आपण त्यांच्या घरीं आलेलों असतों. हें घर शब्दशः त्यांचेंच आहे. शहराला जिचें नांव मिळालें ती मुंबादेवी कोळ्यांची; इंग्रज, पोर्तुगीज आणि गुजरातचे सुलतान हे सारे त्यांच्या मागाहून आले. जून-जुलैंत मासेमारी बंद असते, तेव्हां हा बाजार मंदावलेला असतो, हेंही लक्षांत ठेवावें.

तेथून कोटांत यावें. कोट हें नांव उरलें आहे. भिंती १८६० नंतरच्या कांहीं वर्षांतच पाडल्या गेल्या. हॉर्निमन सर्कलच्या वर्तुळाकार बागेंत थोडें बसावें. समोर १८३३ सालीं पुरा झालेला टाउन हॉल आहे, ज्यांत एशियाटिक सोसायटीचें ग्रंथालय आहे. ही बाग होण्यापूर्वीं ह्या मोकळ्या मैदानांत परदेशीं जाणाऱ्या कापसाचे ढीग पडत असत. पुढें तो बाजार कुलाब्यास गेला, आणि तेथून शिवडीच्या बाजूस. हा कापूस ध्यानांत ठेवावा, कारण दक्षिण मुंबईंतील डोळे दिपविणाऱ्या इमारतींपैकीं कित्येकांच्या पायांत तो आहे. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि चार वर्षें मुंबई बंदरांतून जाणाऱ्या गांठींना सोन्याचा भाव आला. त्या तेजींत श्रीमंत झालेल्या प्रेमचंद रायचंद ह्यांनीं आपल्या मातोश्रींच्या नांवानें दिलेल्या देणगींतून विद्यापीठाचा राजाबाई मनोरा उभा राहिला. युद्ध संपलें, भाव कोसळले, प्रेमचंदांसकट शेंकडों घरें बुडालीं. २८० फूट उंचीचा मनोरा मात्र १८७८ सालीं पुरा झाला आणि आजही आपल्याला वेळ सांगतो.

मग बोरीबंदर. १६ एप्रिल १८५३ रोजीं येथून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. भोर घाट १८६३ सालीं आणि थळ घाट १८६५ सालीं आगगाडीनें ओलांडला, तेव्हां खानदेश-वऱ्हाडचा कापूस बैलगाडीऐवजीं रुळांवरून धक्क्यापर्यंत येऊं लागला. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स ह्यांनीं आंखलेली, १८७८ ते १८८८ ह्या दशकांत बांधलेली स्टेशनाची इमारत म्हणजे त्या व्यापाराचा राजवाडाच. १९९६ पासून तिला छत्रपति शिवाजी टर्मिनस हें नांव आहे. २०१७ सालीं त्यांत महाराज हा शब्द जोडला गेला. घुमटावर हातांत मशाल घेतलेली प्रगतीची मूर्ति आहे. गाडी पकडण्याच्या घाईंत असलेला मुंबईकर मान वर करीत नाहीं. पाहुण्याच्या निमित्तानें त्यानेंही ती एकदां पाहावी.

तिसरी सकाळ माझ्या मतें सर्वांत महत्त्वाची. कारण तिच्यांतलीं ठिकाणें कोणाच्याच यादींत नसतात. बोरीबंदराहून हार्बर मार्गाची लोकल घ्यावी. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं हिंदुस्थानांतील पहिली विजेची आगगाडी येथून कुर्ल्यास गेली ती ह्याच मार्गानें. नांवच हार्बर, परंतु रोज त्या गाडीनें जाणाऱ्या हजारों लोकांना बंदराचें पाणी क्वचितच दिसतें. मध्यें गोदीच्या उंच भिंती, गुदामें आणि कोठारें आहेत. चिंचबंदर, वाडीबंदर, कोळसाबंदर, लकडीबंदर, दारूखाना हीं नांवें ऐकावीं. कोठें कोळसा उतरे, कोठें लांकूड, कोठें तोफांची दारू सांठविली जाई, तें सारें नांवांतून कळतें; पण पाणी पाहावयास मिळत नाहीं.

डॉकयार्ड रोडला उतरून माझगांवच्या भंडारवाडा टेकडीवर चढावें. तेथें काका बाप्टिस्टा ह्यांच्या नांवाची बाग आहे. हे लोकमान्य टिळकांचे सहकारी. ह्या बागेच्या पूर्वेकडच्या कठड्याशीं उभें राहिलें कीं एकाएकीं सगळें बंदर पायांशीं उघडतें. याऱ्या, गोद्या, जहाजांच्या डोलकाठ्या आणि त्यांच्या पलीकडे धुरकट निळ्या डोंगरांची रांग. मामा पुन्हा आले तेव्हां मीं त्यांना प्रथम येथें आणलें. ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत.

येथें उभें राहून पाहुण्यास १४ एप्रिल १९४४ ची हकीकत सांगावी. फोर्ट स्टिकिन नांवाचें जहाज, पोटांत कापूस आणि स्फोटक द्रव्यें एकत्र भरलेलें, व्हिक्टोरिया गोदींत पेटलें आणि दुपारीं चारनंतर फुटलें. शेंकडों माणसें गेलीं. आग विझविण्यास गेलेल्या बंबवाल्यांपैकीं साठांहून अधिक परत आले नाहींत. त्यांच्या स्मरणार्थ दर वर्षीं १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सप्ताह पाळतात. बंदराच्या वैभवाची किंमत कोणीं मोजली, तें त्या टेकडीवर उभें राहिल्यावर अधिक स्पष्ट दिसतें.

टेकडी उतरून भाऊच्या धक्क्यावर जावें. हें नांव भाऊ अजिंक्य ह्यांचें. एकोणिसाव्या शतकांत त्यांनीं धक्का बांधला. पुढें धक्क्याची जागा बदलली, पण लोकांनीं नांव सोडलें नाहीं. रेवस आणि मोरा येथें जाणाऱ्या लाँच येथूनच सुटतात, आणि २०२० पासून मोटारी वाहून नेणारी मोठी बोट मांडव्यास जाते. कोंकणांतील किती घरांचा मुंबईशीं पहिला संबंध बोटीच्या फळीवरून झाला असेल, त्याचा हिशोब कोणीं ठेवलेला नाहीं.

शेवटीं शिवडी. हिवाळ्यांत किंवा उन्हाळ्याच्या आरंभीं, भरती-ओहोटीची वेळ पाहून गेलें, तर खाडीच्या चिखलांत रोहित पक्ष्यांचे गुलाबी थवे दिसण्याचा संभव असतो. जवळच जुना किल्ला आहे, आणि डोक्यावरून २०२४ सालीं खुला झालेला अटल सेतु जातो. त्याची लांबी २१.८ किलोमीटर, त्यांतील सुमारें १६.५ किलोमीटर पाण्यावर. त्यावर पायीं जातां येत नाहीं. परंतु मोटारीनें गेलें तर ज्या पाण्यासाठीं राजेरजवाड्यांनीं तह केले तें कांहीं मिनिटांत ओलांडून होतें.

पश्चिमेचा किनारा मग एका संध्याकाळीं आटोपतो, आणि आतां तोही निराळा दिसतो. महालक्ष्मीहून वरळीकडे जातांना पाहुण्यास सांगावें, कीं ह्या ठिकाणीं खिंडार होतें आणि भरतीचें पाणी त्यांतून बेटांच्या मध्यावर पसरे. गव्हर्नर हॉर्नबी ह्याच्या वेळीं, १७८४ च्या सुमारास, तें बांध घालून बुजविलें. बांध पुनःपुन्हा ढांसळे, आणि समुद्रांतून देवीच्या मूर्ति काढून स्थापिल्या तेव्हांच तो टिकला, अशी महालक्ष्मीची आख्यायिका आहे. मरीन ड्राइव्हही भरावाचाच. त्याच्या बाजूच्या वळणदार इमारती आणि ओव्हल मैदानासमोरच्या गॉथिक इमारती मिळून २०१८ सालीं जागतिक वारसा ठरल्या. ज्या कठड्यावर बसून मामांनीं प्रश्न विचारला, त्याखालींही पूर्वीं समुद्रच होता.

कांहीं व्यवहाराच्या गोष्टी. सोमवारीं घारापुरीचीं लेणीं बंद असतात. पावसाळ्यांत लाँचचा भरंवसा धरूं नये. निघण्यापूर्वीं चौकशी करावी. लोकलचा प्रवास कचेरीच्या वेळा टाळून करावा. एका दिवसांत चारांहून अधिक ठिकाणें पाहूं नयेत.

श्रोतेहो, हें सारें मीं केवळ सहलीच्या हौसेनें सांगितलें नाहीं. १९८९ सालीं समोरच्या किनाऱ्यावर न्हावा-शेवा येथें नवें बंदर सुरू झालें, आणि मालाची बरीचशी चढउतार तिकडे गेली. मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरची गुदामें ओस पडत चालली आहेत, आणि त्या जमिनीचें पुढें काय करावें ह्याची चर्चा पुष्कळ वर्षें चालूं आहे. तेथें उद्यां लोकांना पाण्यापर्यंत जातां येईल, कीं जुनी भिंत जाऊन तिच्या जागीं आणखी उंच भिंत येईल, हें अजून ठरावयाचें आहे. ज्या शहरानें आपलें बंदर कधीं पाहिलेंच नाहीं, तें त्यासाठीं भांडेल कशाच्या बळावर? पाहुण्याला बंदर दाखवावयाचें म्हणून आपण तेथें चार वेळां गेलों, तर तें आपलें आहे असें आपल्यालाही वाटूं लागेल.

त्या दिवशीं माझगांवच्या टेकडीवरून उतरतांना मामा म्हणाले, “आतां शाळेंत असतों, तर तो धडा मीं निराळ्या तऱ्हेनें शिकविला असता.” मग थोडें थांबून म्हणाले, “आणि तूं रे, इतकीं वर्षें येथें राहून काय पाहत होतास?”

ह्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर माझ्यापाशीं अजून नाहीं. आपल्या घरचा पाहुणा तो प्रश्न विचारण्यापूर्वींच आपण त्याला एकदां बंदरावर घेऊन जावें, इतकेंच सांगून आपली रजा घेतों.